हिरवा संपला होता

तोंड उघडं ठेवून बसलेल्या माणसाला काहीही ऐकवता येतं, त्याला उलटून बोलता येत नाही. दातांच्या डॉक्टरांना या गोष्टीची सवयच झालेली असावी. तिच्या गालात कापसाचा बोळा होता, जिभेखाली पाणी ओढणारी नळी गुरगुरत होती, भूल चढलेला खालचा ओठ कुणा भलत्याच बाईचा असल्यासारखा हनुवटीवर पसरला होता आणि डोळ्यांवर दिवा होता. डॉक्टर दाढ कोरता कोरता मजेत म्हणाले, "एक गंमत सांगू का ताई? तुमच्या क्लासची चित्रं मला लांबून ओळखता येतात." तिने घशातून "आँ?" असा आवाज काढला. "समोर बघा ना. मान नका हलवू, नुसते डोळे वळवा." दिव्याच्या कडेने तिने डोळे वळवले. समोरच्या भिंतीवर मुलांनी काढलेली चित्रं चिकटवलेली होती. या दवाखान्यात तशी पद्धतच होती, जे मूल खुर्चीत रडणार नाही त्याचं चित्र भिंतीवर. "ते निळ्या चौकटीतलं, त्याच्या शेजारचं आणि पंख्याखालचं. तिन्ही तुमच्याकडची पोरं. नावं बघायची गरजच नाही. झाड जांभळं, सूर्य खाली डाव्या हाताला, घर नाचतंय आणि कागदावर पांढरा ठिपका म्हणून शिल्लक नाही. झालं, रंगताईंचा क्लास! आमची अपॉइंटमेंट देणारी मुलगीसुद्धा ओळखते. आम्ही चहाची पैज लावतो. हरत कुणीच नाही, मग दोघंही चहा पितो." मास्कच्या आत ते स्वतःच्याच विनोदावर हसले, हसताना त्यांच्या हातातलं यंत्र थोडं थरथरलं, आणि त्या थरथरीसकट ते म्हणाले, "याला ब्रँड म्हणतात ताई. चूळ भरा."

तिने चूळ भरली. बधिर ओठातून निम्मं पाणी पदरावर सांडलं. तिला म्हणायचं होतं, अहो नाही, मुलं आपापल्या मनातलं काढतात, मी फक्त खडू पुरवते. पण तोंडातून जे निघालं ते एखाद्या रांगत्या बाळाने काढलेल्या आवाजासारखं होतं, आणि डॉक्टर प्रेमाने म्हणाले, "आज फार बोलू नका." कौतुकच केलं होतं त्यांनी. मनापासून केलं होतं. त्यांचा धाकटा मुलगा तिच्याकडेच यायचा, आता तो दाढी करण्याएवढा झाला होता. मग हे काय खटकलं? आपण घाईघाईत निघालो आणि गॅस बंद केला की नाही ते आठवत नाही, असं काहीतरी. रस्त्यावर ऊन होतं. अर्धा चेहरा उन्हाला हो म्हणत होता आणि अर्ध्याला पत्ताच नव्हता. चालता चालता तिने गालाला बोट लावून पाहिलं, बोटाला गाल लागला, गालाला बोट लागलं नाही. लांबून ओळखता येतात. ओळखता तर बिस्किटंही येतात, पोलिसांच्या गाड्या येतात, एकाच शिंप्याकडे शिवलेले शाळेचे गणवेश येतात. तिच्या क्लासच्या दारावर कित्येक वर्षं एकच पाटी होती, तिनेच रंगवलेली: इथे चुकायला परवानगी आहे. तिने कधी मुलांसमोर फुलदाणी ठेवून हे असं काढा म्हटलं नव्हतं, कधी कुणाचा हात धरून रेघ ओढली नव्हती, कधी मार्क दिले नव्हते. बंदी अशी तिच्याकडे कशालाच नव्हती. म्हणजे खोडरबरला होती. पट्टीला होती. दोन डोंगरांच्या मधून डोकावणाऱ्या सूर्याला होती, मिशांसारख्या पक्ष्यांना होती, कागद कोरा सोडण्याला होती. पण त्या काही बंद्या नव्हत्या, ती मोकळीक होती. सिग्नलला उभी राहून ती मोकळिकीची ही यादी मनात म्हणत गेली आणि ती जरा जास्तच लांबत चालली तेव्हा नाइलाजाने रस्ता ओलांडला, सिग्नल लाल असतानाच.

कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात पट्टीची आई काउंटरमागे उभी असते, पांढऱ्या कोटात, कानामागे पेन खोचून. पट्टी हे मुलीचं नाव नव्हे. क्लासमधल्या पोरांनी पहिल्याच दिवशी ते ठेवलं, कारण ती आली तीच हातात प्लास्टिकची पट्टी घट्ट धरून, जणू कुणी हिसकावून घेणार आहे. आईने चिठ्ठी बघितली, गोळ्या काढता काढता म्हणाली, "अगंबाई, दाढ का? बोलू नका, बोलू नका. मी बोलते. खरं तर मी आज तुमच्याकडे येणारच होते. हिला पुढच्या आठवड्यापासून पोहायला घालतेय. तेही शनिवारीच असतं, काय करणार! म्हणजे आजचा शेवटचा क्लास. वाईट वाटतंय हो, पण पाठीचा कणा वाकायला लागलाय तिचा, डॉक्टरच म्हणाले पोहू दे." रंगताईने मान हलवली. आई पुढे झुकून आवाज खाली आणत म्हणाली, "आणि एक सांगू? तुमच्यामुळे फार फरक पडला तिच्यात. पूर्वी घरात नुसता पसारा. वह्यांच्या मागे, बिलांच्या मागे, माझ्या औषधांच्या खोक्यांवर, जिथे बघावं तिथे खिडक्या. नुसत्या खिडक्या! मी ओरडून ओरडून थकायचे. आता कागदाला हात लावत नाही. परवा पाहुणे आले होते, मी म्हटलं काढून दाखव काहीतरी, तर म्हणते कशी, चित्र क्लासमधे काढायचं असतं. बघा! शिस्त लागली पोरीला." रंगताईचा बधिर ओठ काहीतरी म्हणायला गेला. "राहू दे हो," आई म्हणाली, "दिवसातून दोनदा, जेवणानंतर. आणि गार काही पिऊ नका."

शिस्त. हा शब्द कुणी तिच्या क्लासबद्दल उच्चारेल असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. गोळ्यांची पुडी मुठीत धरून ती जिना चढली. खाली सायकलवाल्याचं दुकान, वर तिचं घर, घराची पुढची खोली म्हणजे क्लास. तिला ती पोरगी पहिल्या दिवशीची आठवत होती, कोपऱ्यातल्या टेबलाशी बसलेली, जिभेचं टोक बाहेर, समोरच्या इमारतीकडे बघून एकेक खिडकी आखत चाललेली. पट्टी सरकवायची, दाबून धरायची, रेघ, मग पट्टी आडवी, रेघ. प्रत्येक खिडकीला पडदा, आणि एकही पडदा दुसऱ्यासारखा नाही. कुठे अर्धा सरकलेला, कुठे गाठ मारलेला, कुठे मागून कुणाचा तरी खांदा दिसणारा. रंगताई तिच्या मागे उकिडवी बसली होती आणि तिने आपल्या सगळ्यात मऊ आवाजात विचारलं होतं, "आणि ही इमारत नाचायला लागली तर गं?" पोरीने वर बघून म्हटलं होतं, "ती नाही नाचत." "पण नाचली तर?" "मग लोक पडतील." सगळी पोरं हसली होती, रंगताईही हसली होती. हे ती पुढे कितीतरी जणांना कौतुकाने सांगत असे, बघा किती छान उत्तर. पण ते उत्तर इतकं छान वाटलं होतं तर तिथेच थांबायचं होतं. ती थांबली नाही. "पट्टी घरी ठेव हं राणी. इथे आपला हातच पट्टी." आणि पोरगी गुणी होती. पुढच्या शनिवारी तिने पट्टी घरी ठेवली. काही आठवड्यांनी खिडक्याही घरी ठेवल्या. मग इमारत डोलायला लागली, मग नाचायला लागली, शेजारी जांभळं झाड आलं, सूर्य खाली उतरून डाव्या हाताला येऊन बसला. त्या दिवशी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि चित्र भिंतीवर गेलं. भिंतीवरच्या आपल्या चित्राकडे पोरीने कसं पाहिलं होतं ते आता, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, तिला स्वच्छ दिसलं. चुकून आपल्या दारात आलेल्या दुसऱ्याच्या पार्सलकडे बघावं तसं. वरचं नाव आपलं, आतलं काही आपण मागवलेलं नाही.

नवरा क्लासची घडीची टेबलं उघडून मांडत होता. शनिवारचं हे काम त्याचं. "झालं का? दुखतंय?" त्याने विचारलं, मग नीट बघून म्हणाला, "तोंड वाकडं झालंय तुझं." "आधी सरळ कधी होतं?" असं ती म्हणाली, म्हणजे तसं काहीतरी तिच्या तोंडून निघालं, आणि सवयीने त्याला ते कळलं. ती पाणी प्यायली, निम्मं सांडलं, आणि शेवटी विचारलंच, "अहो, माझ्या मुलांची चित्रं सारखी दिसतात का?" "सारखी म्हणजे? छान दिसतात." "एकमेकांसारखी." बायकोने नवी साडी नेसून कशी दिसतेय विचारल्यावर नवऱ्याचा जो चेहरा होतो तसा त्याचा झाला. टेबलाची कडी लावत तो जरा वेळ घालवत म्हणाला, "हे बघ, एका घरातली वाटतात. भावंडांसारखी. त्यात वाईट काय? भावंडं सारखी दिसतातच की." "सगळीच माझ्यावर गेल्यासारखी?" "आता ते," तो म्हणाला, "तू आरशात बघून ठरव." आणि हसला. तीही हसली असावी, अर्ध्या तोंडाने कळलं नाही.

भिंतीसमोर ती उभी राहिली. ही भिंत तिचा अभिमान होता. बाहेरचं कुणी आलं की ती आधी इथे आणायची, चहा मागाहून. आज तिने डॉक्टरांचे डोळे लावून पाहिलं. जांभळं, जांभळं, जांभळं. एक झाड जरा निळसर होतं, तिथे तिला उगाच आशा वाटली, जवळ जाऊन बघितलं तर वर जांभळा घासून खालचा निळा झाकायचा प्रयत्न केलेला होता. मुलाने आधी निळं काढलं होतं आणि मग सुधारलं होतं. सुधारलं होतं! खोडरबर नव्हता म्हणून जांभळ्याने खोडलं होतं. खोलीत सायकलवाल्याच्या दुकानातला रबराचा वास येत होता आणि तेलखडूंचा, मेणचट, गोडसर, हा वास तिला आयुष्यात सगळ्यात आवडत आलेला होता. ती कुठल्या चित्रशाळेत गेली नव्हती. वाचनालयातली जाड पुस्तकं, जुन्या कॅलेंडरांच्या पाठी, नवऱ्याच्या ऑफिसातले एका बाजूने कोरे कागद, यांवर ती शिकली होती, आणि बहिणीची दोन पोरं एका सुट्टीत तिच्या गळ्यात पडली म्हणून क्लास सुरू झाला होता. जे होतं ते सगळं एका झाडापासून. प्रत्येक नव्या मुलाला ती त्या झाडाची गोष्ट सांगायची. शाळेत असताना आजारी पडले होते, ताप होता, खिडकीतून मागच्या भिंतीपलीकडचं झाड दिसायचं, आणि एका संध्याकाळी ते झाड चक्क जांभळं झालं. मी ते तसंच काढलं. शाळेत नेलं तर चित्रकलेच्या सरांनी लाल पेनाने त्यावर फुली मारली आणि म्हणाले, झाड हिरवं असतं. इथे ती थांबायची, मुलांकडे बघायची. मुलांचे चेहरे रागाने फुलायचे. "मग तुम्ही काय केलंत?" "मी ठरवलं, माझ्याकडे येईल त्या मुलाला कधी फुली मिळणार नाही."

आता भिंतीसमोर उभं राहून तिने ते झाड आठवायचा प्रयत्न केला. खिडकी आठवली, गज आठवले, कपाळावरच्या ओल्या फडक्याचा आंबूस वास आठवला. झाडाच्या जागी गोष्ट होती. इतक्या वेळा सांगितली होती की झाडाला आता तिच्या आवाजाचा आकार आला होता, जिथे ती थांबायची तिथे फांदी, जिथे मुलं आ करायची तिथे फांदी. आणि या सगळ्याच्या खालून, न बोलावता, थोरल्या बहिणीचा आवाज आला. रंगताईने कुठल्याशा कार्यक्रमात सांगितलेली ती झाडाची गोष्ट बहिणीने ऐकली होती, आणि मागच्या वर्षी फोनवर ती हसत म्हणाली होती, "कसलं जांभळं गं? हिरवा संपला होता. मीच संपवला होता, माझ्या नकाशात. तू केवढं भोकाड पसरलं होतंस! मग आईने तुझ्या हातात जांभळा दिला आणि म्हणाली, गप बस आता, यानेच काढ." तेव्हा दोघी खूप हसल्या होत्या. "ताई, हे कुणाला सांगू नकोस हं," ती म्हणाली होती, "माझं दुकान बंद होईल." चेष्टाच होती. पुढच्या शनिवारी तिने नेहमीसारखी गोष्ट सांगितली होती, आणि सांगताना तिला काहीसुद्धा वाटलं नव्हतं, याचंच आता तिला जास्त वाटत होतं. खरं काय होतं? दोन्ही खरं असू शकतं. हिरवा संपलेला असू शकतो आणि झाडही जांभळं झालेलं असू शकतं, तापात काय काय होतं. पण खरं असो वा नसो, ते तिचं होतं, तिचा ताप, तिची आई, तिचं भोकाड. या भिंतीवरच्या पोरांचा हिरवा तर संपलेला नव्हता. डब्यातले हिरवे खडू लांबच्या लांब होते, टोकं शाबूत. जांभळ्याचे तेवढे बुटके तुकडे उरत आणि नवे खडू दर महिन्याला आणावे लागत. दुकानदार एकदा म्हणालाही होता, "ताई, जांभळा काय खायला घालता का पोरांना?"

मुलं आली. जिन्यात आधी आवाज येतो मग मुलं येतात. गडबडने येताच पाण्याचा मग सांडला, म्हणूनच तिला गडबड म्हणतात. वकील चपला काढता काढताच वाद घालत होता. पट्टी मागून आली आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी बसली, केस पोहण्याच्या तयारीसाठी की काय कोण जाणे, बारीक कापलेले, त्यामुळे मान एकदम उघडी आणि कोवळी. रंगताईने कागद वाटले. दर वेळी ती काहीतरी सुचवायची, वारा काढा, काळजी काढा, चपलेचं स्वप्न काढा. आज ती म्हणाली, "आज काहीच सांगणार नाही. ज्याला जे हवं ते काढा." ओठामुळे शब्द घसरत होते, पोरं खिदळली. "झाड हिरवं काढलंत तरी चालेल." खिदळणं थांबलं. वकिलाने डोळे बारीक केले. "ताई, आज परीक्षा आहे का?" "नाही रे बाबा." "मग तुम्ही असं का बोलताय?" "कसं?" "शाळेसारखं." गडबड म्हणाली, "पण ताई, हिरवं काढलं तर मग कल्पनाशक्ती कुठे?" हा शब्द तिने फार नीट उच्चारला, दात घासलेत का विचारल्यावर मुलं हो म्हणतात तसा. रंगताई म्हणाली, "ते मलाही माहीत नाही," आणि पोरांना हे नवीनच होतं, ताईला माहीत नसणं. थोडा वेळ चुळबुळ झाली. मग एकाने हळूच जांभळा उचलला, तो बघून दुसरीने, आणि डब्यातले जांभळ्याचे सगळे तुकडे संपले तेव्हा उरलेल्यांचं भांडण लागलं, "मला दे, माझं झाड राहिलंय."

पट्टीचा कागद कोरा होता. ती रंगताईकडे बघत होती. ही नजर रंगताईच्या ओळखीची होती, आणि आजवर तिला ती माया वाटत आली होती. पोरगी मान वर करून, डोळे मोठे करून, भुवया, ओठ, गाल, सगळीकडे फिरून फिरून बघायची आणि मगच खडू उचलायची. आज गाल अर्धा मेलेला होता आणि पोरीला तिथे काही सापडत नव्हतं. रंगताई तिच्याजवळ जाऊन बसली. "काय गं?" पोरीने हळूच विचारलं, "कसं हवंय?" "तुला हवं तसं." "हो, पण कसं?" "तुझ्या मनात काय येतंय?" पोरगी विचारात पडली, प्रामाणिकपणे, कपाळाला आठ्या घालून आत बघून आली आणि म्हणाली, "जांभळं येतंय." मग घाईने म्हणाली, "बरोबर?" रंगताईला काहीतरी म्हणायचं होतं. खिडक्या काढ असं म्हणायचं होतं, पट्टी आण, तुझे पडदे काढ, ते किती सुंदर होते. शब्द ओठापर्यंत आले आणि तिथे तिच्या ध्यानात आलं की हेही तेच आहे. हिने लगेच खिडक्या काढल्या असत्या. छान काढल्या असत्या, ताईला हव्यात म्हणून, आणि मान वर करून विचारलं असतं, बरोबर? आजचा एक दिवस होता. पुढच्या शनिवारपासून ही पोरगी पाण्यात असणार, कागदापासून लांब. पुढे कधी मोठी झाल्यावर म्हणेल, लहानपणी जायचे मी चित्रांच्या क्लासला, मजा यायची. आणि तिच्या हातातून जे गेलं ते गेलेलं तिला कळणारही नाही, कारण ते कुणी फुली मारून नेलं नव्हतं, टाळ्या वाजवून नेलं होतं. रंगताई उठली. "मी आत आहे," ती सगळ्यांना म्हणाली, "दाढ दुखतेय. क्लास संपेपर्यंत मी काही बघायला येणार नाही." "मग चित्र कुणाला दाखवायचं?" वकिलाने विचारलं. ती आत गेली.

स्वयंपाकघरात ती ओट्याला टेकून उभी राहिली. नवरा चहा टाकायला आला होता, त्याने तिच्याकडे बघितलं आणि आच बारीक केली. बाहेरून खडूंचा आवाज येत होता, पोरांच्या कुजबुजीचा, खुर्च्या ओढल्याचा. आजवर एकही शनिवार ती असा भिंतीआड उभी राहिली नव्हती. टेबलाटेबलांमधून फिरणं हाच तिचा क्लास, मागून वाकणं, "व्वा!", "अरे, हे काय केलंस, किती मस्त!", खांद्यावर हात. तो "व्वा" कुठे जोरात निघतो आणि कुठे हळू, हे त्या पोरांना किती पक्कं ठाऊक असणार. निळ्या झाडाला तो कसा निघाला असेल? "व्वा," असा, जरा आखूड. तेवढं पुरलं. ओठाला मुंग्या यायला लागल्या होत्या, हळूहळू चेहरा परत तिच्या मालकीचा होत होता आणि दाढ खरोखर दुखायला लागली होती. तिने गोळी घेतली. बाहेर जाऊन फक्त एकदा, दाराच्या फटीतून, असं तिच्या मनात येत होतं. पाय तिकडे वळतही होते. न बघणं इतकं अवघड असेल असं तिला वाटलं नव्हतं, भुकेसारखी ओढ लागत होती. म्हणजे पोरांना चित्रं कमी आणि मलाच जास्त लागत होती की काय. आणि त्यातही तिला स्वतःचं हसू आलं, कारण ती मनाशी ठरवायलाही लागली होती की पुढच्या शनिवारपासून दर वेळी असंच करायचं, चित्र कुणी दाखवायचं नाही, दाखवण्याला बंदी, दारावर तशी पाटीच लावू. काही महिन्यांनी तिच्या पोरांची न दाखवलेली चित्रंही लांबून ओळखता आली असती. "चहा घेतेस?" नवऱ्याने विचारलं. "गार काही नको म्हणालेत, गरम चालेल," ती म्हणाली, आणि शब्द नीट निघाले.

क्लास सुटला तेव्हा पोरांनी आपापली जांभळी झाडं तिच्यापुढे धरली आणि तिने सगळ्यांना एकच म्हटलं, "बघितलं हं." वकील नाराज झाला. "नुसतं बघितलं?" पट्टीची आई न्यायला आली होती, दुकानातून तशीच, पांढऱ्या कोटात. पट्टीने आपला कागद घडी घालून छातीशी धरला होता. कागदाला घडी घातलेली रंगताईला सोसत नसे, तरी आज तिने टोकलं नाही. "काय काढलंस?" आई म्हणाली, "दाखव ना ताईंना. शेवटचा दिवस आहे." पोरीने मान वर करून बघितलं. तीच नजर, भुवयांवरून गालांवर, गालांवरून ओठांवर. आता सगळा चेहरा जागा होता. त्यावर काय दिसलं तर काय होईल हे ठाऊक असल्यामुळे रंगताईने तो फिरवला, खिडकीकडे, समोरच्या इमारतीकडे नव्हे, खाली सायकलींकडे. उगाचच एका सायकलीचं पंक्चर काढताना बघत राहिली. पाण्याच्या घमेल्यात ट्यूब फिरत होती, कुठून बुडबुडे येतात ते सायकलवाला शोधत होता. मागून पोरीचा आवाज आला, "हे घरचं आहे." "अगं, घरचं काय? आत्ता इथेच काढलंस ना?" "हो. पण घरचं आहे." आई शरमून म्हणाली, "बघा ना ताई, शेवटी शेवटी हट्टी व्हायला लागलीये." "असू दे," रंगताई न वळता म्हणाली, "घरचं घरी न्यावं." जिन्यात पावलं गेली. आई समजावत होती, मोठ्या माणसांना असं म्हणू नये. पोरगी काही म्हणाली का ते ऐकू आलं नाही.

शनिवारी सगळे गेल्यावर रंगताई टेबलांवर अंथरलेले जुन्या वर्तमानपत्रांचे कागद गोळा करते. हे काम ती कुणाला करू देत नाही. मुलांचे हात चित्राच्या कडेवरून बाहेर जातात, खडू घसरतो, पेन्सिलीचा दाब खाली उमटतो, आणि त्या कडांवरून तिला सगळं वाचता येतं, कुणी आधी काय काढलं, कुठे बिचकलं, कुठे रागाने घासलं. चहाचा कप घेऊन ती हे कागद वाचत बसते, बाकीचे लोक बातम्या वाचतात तसे. आज ती खिडकीशीच उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, आज कागद तुम्ही गोळा करता का?" नवऱ्याला आश्चर्य वाटलं, पण तो गोळा करायला लागला, चुरगळत, एकात एक कोंबत, त्याच्या पद्धतीने. कोपऱ्यातल्या टेबलापाशी तो थांबला. कागद हातात धरून त्याने तो उजेडाकडे केला. "अगं, हे बघितलंस का?" "नाही." "बघ तरी." "नको. सांगूही नका." तो तसाच उभा राहिला, चष्मा कपाळावर सरकवून, कागद डोळ्यांजवळ नेऊन, आणि ती त्याच्याकडे बघत होती. त्याच्या भुवया किंचित वर गेल्या होत्या, ओठ एका बाजूला सरकले होते, ते हसू होतं की नुसतंच नवल, की तिथे काहीच नव्हतं आणि त्याला बिचाऱ्याला काय म्हणावं ते सुचत नव्हतं, हे शोधत ती त्याच्या कपाळावरून डोळ्यांवर, डोळ्यांवरून हनुवटीवर फिरत राहिली, मान वर करून, डोळे मोठे करून. बऱ्याच वेळाने तिच्या ते लक्षात आलं. तिने डोळे मिटून घेतले. "चुरगळा," ती म्हणाली, आणि कागद चुरगळल्याचा आवाज येईपर्यंत ते उघडले नाहीत.